विहीर पास झाली

माझ्या भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, मी बोलत नाही. आधीही बोलत नव्हते. पण आधी रीत म्हणून बोलत नव्हते, आता मनातून बोलत नाही. बाहेरच्या माणसाला यातला फरक कळायचा नाही, कारण दोन्ही वेळी डोक्यावर पदर असतो आणि तोंड मिटलेलं असतं.

जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. तिथे ही रीत अजून आहे. भासरे समोरून आले की बाईनं पदर ओढून बाजूला व्हायचं. काही सांगायचंच असलं तर जावेला, म्हणजे त्यांच्या बायकोला सांगायचं, मग ती त्यांना सांगते. जाऊ घरात नसली तर भिंतीकडे तोंड करून बोलायचं. "बैलाले पानी दाखवलं नाई वाटते कोनी," असं भिंतीला म्हटलं की ते मुकाट उठून बैलांना पाणी दाखवतात. त्यांनाही मला काही सांगायचं असलं तर तसंच, भिंतीला, नाहीतर उन्हात बसलेल्या मांजराला. उभी हयात अशी गेली. नवरा होता तोवर काही अडलं नाही, तो मधे होता. तो गेला आणि आमच्या दोन घरांमधलं सगळं बोलणं जावेच्या तोंडून जायला लागलं. जाऊ माझी वाईट नाही. पण नवऱ्याला भिते. त्याला ऐकायला बरं वाटेल तेवढंच पुढे नेते, बाकीचं गिळते.

माझी सून दुसरबीडकडची. तिकडची बोली आमच्याहून वेगळी. आम्ही 'मले' म्हणतो, ती 'मला'. नवी नवी आली तेव्हा शेजारणी विचारायच्या, "तुमची सून पुन्याची हाय का वो?" पुण्याच्या लोकांनी तिला खेडवळच म्हटलं असतं, पण ते जाऊ द्या. ती तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, तासावर. तासावर म्हणजे कायम नाही. वर्ष संपलं की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा त्याच लोकांपुढे हात बांधून बसायचं. कायम व्हायचं तर पीएचडी पाहिजे. आणि पीएचडीला बाईनं विषय काय घेतला, तर पाण्यातले चपटे किडे.

मी ऐकलं तेव्हा हसले. म्हटलं, "लोक किडे माराचं शिकतात. तू पाळाचं शिकून राह्यली."

"ह्यांना मारणं सोपं नाही, आई," ती म्हणाली. "मधून कापला तर दोन होतात. डोक्याकडच्या भागाला शेपूट फुटते, शेपटीकडच्याला डोकं."

"हे तं आपल्या भाऊबंदकीसारखं झालं. एक वावर कापलं का दोन घरं."

तिला हे इतकं आवडलं की तिनं कॉलेजात सांगितलं. पुढे तिच्या पीएचडीच्या सरांनी कुठल्याशा सभेत तेच सांगून लोकांना हसवलं म्हणे. माझं नाव काही घेतलं नसेल.

मी शाळेत फार गेले नाही. वाचायला शिकले ते लग्नानंतर, जावेची पोरं पाटी घेऊन बसायची त्यांच्या शेजारी बसून. त्यामुळे शिकणारं माणूस घरात आलं याचं मला फार कौतुक होतं. तिनं कॉलेजातून मागून आणलेला जुना मायक्रोस्कोप स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडला तेव्हा मी कळण्याच्या भाकरीच्या पिठाचे हात धुऊन पहिल्यांदा डोळा लावला. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग दिसला एक तपकिरी, कालव्यातून आणलेला. पानासारखा चपटा, तिकोनी डोकं, वर दोन डोळे, तेही तिरळे. वर्गात मागच्या बाकावर बसून मास्तरांकडे बघणाऱ्या पोरासारखा बघत होता. मग तिनं दुसरी काच ठेवली, आमच्या विहिरीतला. तो पांढरा. कापलेल्या नखाएवढा. भाताच्या पेजेचा थेंब ताटावरून आपला आपण सरकत जावा तसा चालत होता, आणि त्याला डोळेच नव्हते.

"हा जमिनीखालच्या पाण्यातला, आई. अंधारात पिढ्यान् पिढ्या गेल्या, डोळ्यांचं काम राहिलं नाही."

"आन् तोंड?"

"पोटाच्या मधोमध. तिथून नळी बाहेर काढतो आणि खातो."

आणखी एक तिनं तेव्हाच सांगितलं होतं. हे जिथे राहतात तिथलं पाणी चांगलं असतं. घाण पाण्यात हे टिकत नाहीत. मला त्या दिवशी आमच्या विहिरीचा अभिमानच वाटला.

विहिरीचं महत्त्व आमच्याकडे काय आहे ते सांगायला पाहिजे. इथून खाली नांदुऱ्याकडे जावं तसं पाणी खारं होत जातं. सगळा खारपाणपट्टा. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि माणसं मुतखड्यानं हैराण. आमची विहीर मळ्यात, डोंगराला लागून, म्हणून गोड. दगडी बांधणीची, पाण्यापर्यंत पायऱ्या, आणि एका अंगाला दगडांच्या फटीतून बारा महिने झिरपणारा झरा. खालच्या गावांतले लोक फटफटीला कॅन बांधून पाणी न्यायला येतात. विहीर दोन्ही घरांची, पण कारभार भासऱ्यांचा, आणि त्यांनी आजवर कोणाला पाण्याला नाही म्हटलेलं नाही. हा त्यांचा मोठेपणा मी आजही नाकारत नाही.

सुनेचे पांढरे त्या झऱ्यापाशी दगडांखाली राहायचे. त्यांना धरायची रीत अशी की कलेजीचा लहानसा तुकडा दोऱ्याला बांधायचा, दगडाखाली सरकवायचा, आणि वाट बघत बसायचं. वासावर ते येतात, चिकटतात. मग दोरा अलगद वाटीत उतरवायचा. आता आमचं घर माळकरी. भासऱ्यांच्या गळ्यात माळ, घरात अंडंसुद्धा येत नाही. ज्या विहिरीचं पाणी देवाच्या तांब्यात जातं तिच्यात बकऱ्याची कलेजी सोडायची, हे कोणाला सांगता येईल? जावेला कळलं, कारण तिनं एकदा सुनेचा डबा भाजीचा समजून उघडला. डबा मिटून तिनं पदर नाकाला लावला. "मी काई पाह्यलं नाई बाप्पा," म्हणाली, आणि खरंच पुढे कधी पाहिलं नाही.

भासऱ्यांना काय सांगायचं हे माझ्या मुलानं ठरवलं. तो नांदुऱ्याला जिनिंगमध्ये आहे, आठवड्याला घरी येतो. तो काकांना म्हणाला, "मोठे बाबा, ते पानी तपासते." झालं. त्याला ते सोपं वाटलं. पुरुषांना जे सोपं वाटतं ते निस्तरायला बाया असतातच. सगळ्या गावात झालं की सूनबाई पाणी तपासते. लोक बाटल्या घेऊन यायला लागले. "ताई, एवढं पाहून द्या, मुतखडा ह्याच पान्यानं झाला का मायावाला." ती बिचारी प्रत्येकाला बसवून सांगायची की मी ते पाणी नाही तपासत, मी पाण्यातले प्राणी बघते. लोक हो हो म्हणायचे आणि बाटली ठेवून जायचे.

नुसता किडा सापडून तिचं काम भागत नव्हतं. तो नवा आहे का, याआधी कोणी त्याला नाव दिलंय का, हे ठरवायला त्याच्या अंगातली अंडी धरायची जागा बघावी लागते. मेणात बसवून, पातळ काप काढून, काचेवर घेऊन. आणि आमचे पांढरे नुसते तुटून तुटून वाढायचे. एकाचे दोन, दोनाचे चार, पण कोणाच्याच अंगात ती जागा तयार होत नव्हती. सर म्हणायचे, थंडीत बघत राहा, कदाचित होईल. सरांचं प्रत्येक वाक्य कदाचितवर असायचं. एक हिवाळा कोरडा गेला. ती सकाळी कॉलेजला जायच्या आधी विहिरीवर जायची, पायऱ्यांवर पालथी पडून भिंग लावून बघायची आणि ओठ काळेनिळे करून परत यायची. मी चुलीपाशी पाट मांडून ठेवायची. काही न विचारता चहा द्यायची. चेहऱ्यावरून कळायचं.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी ती दारातूनच म्हणाली, "आई, पिकले."

आंबे पिकावे तसं म्हणाली. त्यांच्या अंगात तोंडाच्या मागे फुगवटा आला होता, आणि दगडाच्या खालच्या बाजूला मोहरीएवढी तपकिरी अंडी चिकटली होती, प्रत्येकाला बारीक देठ. तिनं सरांना फोन केला. मी शेजारी उभी होते. सर अमरावतीला. ते म्हणाले, हात लावू नकोस. साध्या स्पिरिटमध्ये टाकले तर आक्रसून जातील, काप निघणार नाहीत. मी गुरुवारी स्वतः औषध घेऊन येतो, तोवर दगड हलवू नका. तिनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "असा पांढरा, बिनडोळ्याचा आपल्या भागातून कोणी लिहिलेला नाही म्हणतात सर. खरं निघालं तर नाव मी द्यायचं."

"काय नाव देशीन?"

"बघू. गावाचं देईन."

मधल्या दिवसांत तिला कॉलेजात परीक्षेची ड्युटी होती. मुलगा नांदुऱ्याला. माझा गुडघा धरलेला, मळ्यापर्यंत जाववत नव्हतं. विहिरीला कोणी हात लावू नये हे भासऱ्यांना सांगायला तर पाहिजे. मी जावेला बोलावलं आणि चुलीपाशी बसवून नीट सांगितलं. गुरुवारी अमरावतीहून सर येणार आहेत, विहीर बघायला. तोवर विहिरीत कोणी उतरू नये, मोटर लावू नये, दगड हलवू नये. दगडाखाली सुनेचे किडे आहेत, त्यावर तिची पीएचडी आहे.

"किडे म्हनू?" जाऊ म्हणाली.

"हाव, म्हन."

"कसं म्हनू व माय. सारा मुलूख आपलं पानी नेते. अन् मी ह्याईले सांगू का आपल्या इहिरीत किडे हायेत?"

"तं नको म्हनू किडे. नुसतं म्हन, हात लावू नका."

"काऊन म्हनून इचारलं तं?"

मी म्हटलं, काहीतरी सांग, पण सांग. ती हाव म्हणाली. घरी जाऊन तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं: कॉलेजचे मोठे साहेब गुरुवारी आपली इहीर पाहाले येऊन राह्यले. पुढचं तोंडात आलं नाही म्हणे. पुढचं सांगायचं तर किड्यांपाशी जावं लागणार होतं, आणि किड्यांच्या पुढे कलेजी होती.

आता त्या माणसाच्या जागी बसून बघा. सून पाणी तपासते हे त्यांना पुतण्यानं सांगितलेलं. तिचे मोठे साहेब विहीर बघायला येतात हे बायकोनं सांगितलेलं. त्यांनी हिशोब मांडला तो सरळच होता. आपल्या विहिरीची परीक्षा आहे. विहीर पास झाली पाहिजे.

मला मळ्याकडून इंजिनाचा आवाज ऐकू येत होता. पण थंडीत आजूबाजूच्या मळ्यांत गव्हाला पाणी सुरूच असतं, आवाज रोजचा. बुधवारी दुपारी भासरे आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"घरात हाय का कोनी," ते भिंतीला म्हणाले.

मी आतून बांगड्या वाजवल्या. म्हणजे आहे.

"सूनबाई आली का सांगजा. इहीर अशी केली का तळाला पडलेली सुई दिसंल. सारं पानी उपसलं. गाळ काढला. शेवाळ तारेच्या बुरशानं खरडलं. झऱ्यापाशी लय घान होती, तिथले गोटे वर काढून एकेक धुतला. अन् पंचायतीतून ब्लिचिंगची पावडर आनून मारली, झऱ्याच्या फटीतही ओतली. आता साहेब काय, साहेबाचा बाप आला तरी नापास नाई करत."

मी दाराआडून बघत होते. धोतर गुडघ्यापर्यंत गाळानं माखलेलं, बोटं पावडरीनं पांढरी पडलेली. सत्तरी ओलांडलेला माणूस स्वतः विहिरीत उतरला होता. चेहरा इतका फुललेला की त्यांच्या पोरीच्या लग्नातही मी तसा पाहिला नव्हता. हेच मला पचत नाही. दुष्टाव्यानं केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

मी बांगड्या वाजवल्या नाहीत. ते थोडा वेळ थांबले, चहा येईल असं वाटलं असेल, आणि उठून गेले.

सून बसमधून उतरून आली. मी तिला दारातच सांगितलं, आत येऊ दिलं नाही. तिनं फक्त विचारलं, "पावडर पण?" मी हो म्हटलं. ती तशीच वळली आणि पर्स खांद्याला लटकवून मळ्याकडे निघाली. मी काठी घेऊन मागून गेले. गुडघा काय म्हणत होता ते त्या दिवशी ऐकलं नाही.

मी पोचले तेव्हा ती गाळाच्या ढिगापाशी गुडघ्यावर बसली होती. वरचा गाळ उन्हानं तडकला होता. ती खालचा ओला गाळ ओंजळीत घ्यायची, ओढणीत टाकायची, वरून पाणी ओतायची, आणि ओढणीवर जे राहील ते बोटानं चाचपून बघायची. सगळीकडे दवाखान्यासारखा वास. विहिरीचं पाणी हळूहळू चढत होतं, निळसर, रिकामं. धुतलेले दगड कठड्यावर ओळीनं मांडून ठेवले होते, देवाच्या पाटावर मांडावेत तसे.

पाणी न्यायला आलेली माणसं जमली. त्यातला एक म्हणाला, "काय हरवलं ताई? कानातलं पडलं का?" ती काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे कानातलंच पडलं असं सगळ्यांनी धरलं. बघता बघता चारपाच जण गाळात हात घालून सोनं शोधायला लागले. एक बाई तिला समजावत होती, "रडू नको बापा, सापडंल. सोनं कुठी जाते." मला तिथे बसून डोकं आपटावंसं वाटलं.

तेवढ्यात भासरे आणि जाऊ आले. कोणीतरी सांगितलं असेल. भासरे कठड्यापाशी उभे राहिले, मी त्यांच्यापासून दोन हातांवर. माझ्या आयुष्यात मी त्यांच्या डोळ्याला डोळा लावला नव्हता. त्या दिवशी लावला. पदर खांद्यावर होता की डोक्यावर, मला आठवत नाही.

"दादा," मी म्हटलं, "गोट्याखाली तिचे किडे होते. त्याईच्यासाठी पोरगी इतकी मरून राह्यली. साहेब पानी पाहाले नाई, ते किडे पाहाले येनार होते. तुमी हात लावाले नाई पाहिजे होता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मान वळवून बायकोकडे बघितलं.

"काय म्हनून राह्यली ही?"

जावेनं खाली बघत, माझंच वाक्य त्यांना पुन्हा सांगितलं. तोंडातल्या तोंडात. किड्यांच्या जागी "काई जीव" म्हणाली. त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "तिले सांग, आमी काई वाईट केलं नाई. इहिरीत किडे होते तं काढले. घरच्या पोरीच्या इज्जतीसाठी ह्या वयात गाळात उतरलो. आभार तं गेले, वरतून तमाशा."

मग जाऊ माझ्याकडे वळली आणि मी जे माझ्या कानांनी ऐकलं होतं ते मला शब्दाला शब्द सांगायला लागली. मी तिला म्हटलं, राहू दे.

किडे हा शब्द एव्हाना सगळ्यांच्या कानावर गेला होता. सोनं शोधणारे हात थांबले. एक बाई कॅन खाली ठेवून म्हणाली, "म्हंजे आतापावतर आमी किड्याचं पानी पेलो?" सून उठली. ओढणी गाळानं भरलेली, डोळे लाल, तरी ती वर्गात सांगावं तसं सांगायला लागली. हे चांगल्या पाण्यातच राहतात, ते होते म्हणजेच तुमचं पाणी चांगलं होतं, ते डासांची पिल्लं खातात. लोक ऐकत होते आणि तिच्याकडे दया आल्यासारखे बघत होते. एक तरुण म्हणाला, "वहिनी, तुमीच सांगता ना का कापला तं दोन होतात. मंग एखादा तुकडा तं राह्यला असंल. होतीन पुन्हा."

"कापून मरत नाहीत," ती म्हणाली. "पावडरीनं मरतात. विरघळून जातात. बघायलासुद्धा काही राहत नाही."

"बरं झालं ना मंग," कॅनवाली म्हणाली, आणि तिनं कॅन भरून घेतला.

गुरुवारी सर आले. तिनं फोन करून सगळं सांगितलं होतं, तरी आले. मला वाटलं, हे मोठे, शिकलेले, त्यात पुरुष, त्यात पाहुणे. यांच्याशी भासरे भिंतीकडे तोंड करून बोलणार नाहीत. हे एक वाक्य तरी सुनावतील, आणि ते त्यांना ऐकावं लागेल. मी काठी टेकत पुन्हा मळ्यात गेले ती तेवढ्यासाठी. विहिरीवर मांडव नव्हता एवढंच, बाकी शाल होती, नारळ होता, सरपंच होते, फोन उगारलेली पोरं होती. भासऱ्यांनी सरांना शाल घातली. सरांनी विहिरीत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वर बघून म्हणाले, "वा. फार सुंदर विहीर आहे. असं काम गावोगाव झालं पाहिजे."

भासऱ्यांनी सगळ्यांकडे बघितलं. विहीर पास झाली होती. फोटोत सुनेलाही उभं केलं, हातात नारळ देऊन. तो फोटो तालुक्याच्या पेपरात आला, आणि पुढे स्वच्छतेबद्दल गावानं भासऱ्यांचा सत्कारही केला.

घरी चहा पिताना सर तिला म्हणाले, "त्यांना काय बोलणार? वयस्कर माणूस आहे, भावना चांगली होती." मग म्हणाले, "पुढच्या थंडीत बघ. खालच्या फटींतून कदाचित परत येतील." आणि औषधाची पेटी गाडीत ठेवून गेले.

पुढच्या थंडीत तिनं बघितलं, काही मिळालं नाही. त्याच्या आधी पावसाळ्यात विहिरीत डासांच्या अळ्या झाल्या. कधी नव्हत्या त्या झाल्या. लोक म्हणाले, बघा, किडे परत आले, आणि पंचायतीनं पुन्हा पावडर टाकली. मग दर महिन्याला टाकायचं ठरलं. ती विहिरीवर जायची कमी झाली, मग बंद झाली. मुलगा म्हणाला, "सोड ना आता, विषय बदल. किड्याईचा काय दुष्काळ पडला का." तो तिचा नवरा, म्हणून मी गप्प बसले. पण त्या रात्री मी त्याला भाजी वाढली नाही, त्यानं स्वतः घेतली.

घरातल्या मातीच्या भांड्यात तिनं थोडे पांढरे पाळले होते, ते जगले बराच काळ. पण ते नुसते तुटून वाढायचे, पिकायचे नाहीत. उन्हाळ्यात लाईट सारखी जायला लागली, भांड्यापुढचा कूलर बंद पडायचा, पाणी तापलं, आणि एक दिवस भांड्यात नुसतं पाणी होतं. तिनं ते तुळशीत ओतलं. भांडं घासून पालथं घातलं.

जावेशी मी बोलते. काय करणार, तीच एक मधली. ती येते, बसते, इकडचं तिकडचं सांगते. एकदा म्हणाली, "ह्याईच्या मनात काई नव्हतं व." मी म्हटलं, "माहीत हाय मले." ते खरंच माहीत आहे, त्याचा उपयोग काय?

परवा सून कपडे घडी करत होती. मी म्हटलं, "मंग आता काय ठरलं?"

"मासे, आई. धरणातले मासे. सरांकडे आधीच कोणीतरी करतंय, त्यातलंच थोडं मला दिलं. विद्यापीठात विषय बदलायचा अर्ज गेला."

"आवडतात का तुले मासे?"

तिनं नवऱ्याच्या शर्टाची कॉलर नीट केली, घडी घातली, दुसरा घेतला. "लोकांना दिसतात ते," ती म्हणाली. "काय करते म्हणून विचारलं की सांगता येतं. आणि मोठे बाबा धरण काही उपसणार नाहीत."

हे ती हसून म्हणाली. मला नाही हसता आलं.

थोड्या वेळानं दुसरबीडहून तिच्या आईचा फोन आला. तिनं स्पीकर लावून शेजारी ठेवला आणि घड्या घालत बोलत राहिली. तिची आई वर्षानुवर्षं ओळखीपाळखीत सांगत आली होती की लेक कशावर तरी अभ्यास करते, कशावर ते कधी तिला सांगता आलं नाही. लेकीनं सांगितलं, मासे. पलीकडून विचारलं, "कोणते, खायचे?"

"हो, खायचेच. आपले नेहमीचे."

"बरं झालं बाई," तिची आई म्हणाली. "आता सांगायला सोपं."